एका झाडाचा अंदाज

माझ्या मोबाईलच्या नोट्समध्ये एक पान आहे, त्याचं नाव 'बाबा आकडे'. तारीख, सकाळचं वजन, बीपी, पल्स, आणि शेवटच्या रकान्यात रक्ताचा एक आकडा, जो दोन-तीन महिन्यांतून एकदाच भरायचा असतो पण घरातला सगळा मूड त्याच्यावर चालतो. मी अकाउंट्सवाली बाई, आकडे ओळीत लावले की मला बरं वाटतं, मग आकडा कसाही असू दे. हे लिहीन लिहीन म्हणत सहा महिने गेले, आता मे संपत आलाय, नागपूर तव्यासारखं तापलंय, दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, तर म्हटलं कूलरसमोर बसून लिहूनच टाकू.

गोष्ट नोव्हेंबरातली. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल कळमन्याच्या बाजारात येत होता आणि बाबांची धावपळ चालू होती. बाबा संत्र्याचे अडत्या, आधी स्टेशनमागच्या संत्रा मार्केटात, मग कळमन्यात. वय अडुसष्ट, रिटायर झालोय असं दर दिवाळीत सांगतात आणि सिझन आला की पहाटे गाडी काढतात. आदल्या रात्री कोणाकडे तरी सावजी झालं होतं, तर्री पिऊन आले होते अक्षरशः. पहाटे साडेतीनला छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा घरात कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. इनो झालं, आईनं ओवा दिला, थोडं थंड दूध झालं, मग घाम यायला लागला, नोव्हेंबरच्या थंडीत बनियन पिळून काढावं इतका घाम, तेव्हा कुठे आईनं मला फोन केला. मी मनीष नगरला, ते नंदनवनला. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते.

चार तास. त्या चार तासांचा हिशोब मी अजून करते. आईला बोलून दाखवत नाही, तीही करतच असणार.

हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी नस, एलएडी म्हणतात तिला, ती वरच बंद झाली होती. स्टेंट टाकला. कॅथलॅबमधून डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, नस खोलली, आता हार्ट किती रिकव्हर होते ते बघू. मी विचारलं, किती होईल? ते म्हणाले, बघू. मग ईको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ईएफ ३२ टक्के. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं किती एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं ते. चांगल्या माणसाचंही शंभर नसतं, पंचावन्न ते सत्तरच्या मधे असतं, हे मला माहीतच नव्हतं, त्यामुळे पहिला अर्धा तास मी ३२ टक्के म्हणजे नापास एवढंच धरून रडत होते.

आणि 'बघू' हा शब्द. आयसीसीयूच्या बाहेर चटईवर बसलेल्या माणसाला बघू पुरत नाही हो. त्याला काहीतरी हातात हवं असतं. माझ्या हातात फाईल होती आणि फाईलमध्ये रक्ताचे रिपोर्ट होते, तर मी त्यांनाच धरलं. आमची मावशी त्याच वेळी बाबांची पत्रिका घेऊन कोणाकडे तरी गेली होती आणि मी तिला मनातल्या मनात हसत होते. आता वाटतं, मी तरी दुसरं काय करत होते? तिच्याकडे ग्रह होते, माझ्याकडे ट्रोपोनिन.

ट्रोपोनिनचं तेव्हा मी जे वाचलं ते असं. हृदयाचा स्नायू आखडतो आणि सैल होतो, त्या यंत्रणेतलंच हे एक प्रोटीन, एरवी पेशीच्या आत बसलेलं. पेशी मेली, फुटली, की ते रक्तात येतं. ॲटॅकनंतर काही तासांत चढायला लागतं, साधारण बारा ते चोवीस तासांत सगळ्यात वर जातं आणि मग आठवडा-दीड आठवडा हळूहळू उतरत राहतं. आमच्या लॅबच्या कागदावर नॉर्मल १४ पर्यंत लिहिलं होतं आणि बाबांचा आकडा सहा हजारांच्या वर. चौदा आणि सहा हजार! मी तो कागद घडी करून पर्समध्ये लपवला, आईला दाखवला नाही.

रात्रीच्या ड्युटीला एक तरुण डॉक्टर असायचा, निवासी डॉक्टर, डोळे झोपेनं लाल, पण बोलायला चांगला. त्याला कागद दाखवला तर म्हणाला, मॅडम, बंद नस खोलली की अडकलेलं सगळं एकदम धुऊन बाहेर येते, म्हणून स्टेंटनंतर लगेचचा आकडा उंच दिसतोच, त्याला घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अजून किती आहे ते बघितलं तर किती स्नायू गेला याचा बरा अंदाज लागतो. मी म्हटलं, म्हणजे त्यावरून किती सुधारेल ते कळेल? तो थोडा थांबला. म्हणाला, ट्रोपोनिन गेलेल्याचा हिशोब सांगते मॅडम. उरलेल्याचा नाही सांगत.

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं, कळायला मार्च उजाडला.

मधेच एक विनोद झाला. दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात एसजीओटी चांगलंच वाढलेलं. एसजीओटी म्हणजे लिव्हरची टेस्ट, एवढं आपल्या सगळ्यांनाच माहीत असतं, तर मी धावत गेले की आता लिव्हरला पण काही झालं का, बाबा तर पीतसुद्धा नाहीत. सिस्टर हसली, डॉक्टर हसला. ते हृदयातूनच आलंय म्हणे. नंतर शोधलं तर कळलं की रक्तावरून हार्ट ॲटॅक ओळखायची पहिली टेस्टच ही, १९५४ साली न्यूयॉर्कला लाड्यू, रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी दाखवून दिलेली. पुढे सीके-एमबी आलं, मग ट्रोपोनिन आलं, आणि बिचारं एसजीओटी लिव्हरच्या खात्यात जमा झालं. एखादा जुना कारकून दुसऱ्या टेबलावर बदलून जातो ना, तसं. सीआरपी पण वाढलेलं होतं. ते सूज सांगतं. मेलेल्या स्नायूची साफसफाई करायला पांढऱ्या पेशी येतात, ती गडबड असते ती. साफसफाई व्हायलाच पाहिजे, नाहीतर तिथे नीट वण धरणार नाही, पण ती फार झाली तर शेजारच्या चांगल्या भागालाही त्रास. एसटी२, गॅलेक्टिन-३ अशीही नावं वाचली, हृदयात वणासारखा कडकपणा किती येतोय वगैरे सांगणारी, पण ती आमच्या फाईलीत नव्हती म्हणून त्यांच्यात शिरले नाही. तेवढीच माझ्या डोक्याला शांती.

खरी गाठ पडली ती एनटी-प्रोबीएनपीशी. तिसऱ्या दिवशी ४,३८०.

याची कथा मजेदार आहे. बीएनपी मधला 'बी' म्हणजे ब्रेन, मेंदू. जपानी संशोधकांना १९८८ मध्ये ते पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं म्हणून नाव तसं पडलं, आणि नंतर लक्षात आलं की हे मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतं. तोवर नाव चिकटलेलं. त्याच्या काही वर्षं आधी, १९८१ मध्ये, कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि ते उंदीर भराभर लघवी करायला लागले. त्यावरून कळलं की हृदय हा नुसता पंप नाही, ते हार्मोनही सोडतं, किडनीला निरोप पाठवतं की मीठपाणी काढ, माझ्यावर लोड येतोय. कप्प्याच्या भिंतीवर ताण आला, ती ताणली गेली, की बीएनपी तयार होतं, आणि ते तयार होताना त्याचाच एक बिनकामाचा तुकडा सुटतो तो एनटी-प्रोबीएनपी. तुकडा बिनकामाचा पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोपा.

म्हणजे ट्रोपोनिन सांगतं किती जळलं, आणि हे सांगतं की जे वाचलंय त्याला घर चालवताना किती दम लागतोय.

डिस्चार्जच्या दिवशी आकडा २,६१० झाला होता. आणि इथून माझं वेड सुरू झालं. सांगितलं होतं महिन्यानं टेस्ट करा, मी दहाव्या दिवशीच घरी लॅबवाला पोरगा बोलावला. दुसरी लॅब, स्वस्त होती जरा. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, २९०! मी किंचाळले. दोन हजार सहाशेवरून दोनशे नव्वद, दहा दिवसांत! पुण्याला दादाला फोन, फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले पंचवीस-तीस इमोजी, चुलत भावानं लगेच लिहिलं हे त्यानं पाठवलेल्या बीटच्या ज्यूसचं काम आहे, मावशीनं टेकडीच्या गणपतीला जायचं ठरवलं, आणि माझ्या नवऱ्यानं येताना अर्धा किलो संत्रा बर्फी आणली. बाबांना एक तुकडा दिला. ते म्हणाले, "एवढ्या लवकर?" बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला. ताई, ही टेस्ट वेगळी आहे. ही बीएनपी आहे, आपण आधी केली ती एनटी-प्रोबीएनपी. दोघं एकाच मायचे लेकरं पण वजन वेगळं, एनटीचा आकडा कितीतरी पट मोठा असतो. २९० म्हणजे अजून वाढलेलंच आहे. चूक लॅबची नव्हती, कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. रोज जमाखर्चाच्या चुका पकडते मी, आणि वरची ओळच वाचली नाही! वर अजून एक गोष्ट, बाबांना जी नवीन गोळी चालू केली होती, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनची, ती शरीरात बीएनपी मोडणारं एन्झाईमच अडवते, म्हणजे त्या गोळीवर बीएनपी उलट थोडं चढू शकतं, एनटी-प्रोबीएनपीवर तसा परिणाम होत नाही. तर अशा माणसात एनटीच बघायचं, एकाच लॅबमध्ये बघायचं, आणि तीसेक टक्क्यांहून कमी फरक असेल तर त्यावरून हसू पण नये, रडू पण नये. वय वाढलं की तो आकडा वाढतो, किडनी कमजोर असली की वाढतो, ठोके अनियमित झाले की वाढतो, आणि जाड माणसात तो कमीच दिसतो. इतक्या गोष्टी त्याच्या कानाला लागलेल्या, आणि मी त्याला देवाचा कौल समजून बसले होते.

बर्फी उरली ती मी एकटीनंच खाल्ली, रागानं.

त्या ओपीडीत मी शेवटी विचारलंच, सर, सरळ सांगा, ह्या आकड्यांवरून बाबांचं हार्ट परत येईल की नाही ते सांगता येतं का? त्यांनी नीट बसवून सांगितलं. ह्यांच्यासारखे एक हजार पेशंट घेतले तर ज्यांचा आकडा उंच राहतो त्यांच्यात पुढे दम लागणारे, पुन्हा भरती होणारे जास्त निघतात, ज्यांचा भराभर उतरतो त्यांच्यात कमी, हे पक्कं. पण त्या हजारांत तुमचे वडील कोणत्या खुर्चीवर बसलेत ते हा कागद सांगत नाही. मी मान हलवली. समजलं होतं पण पटलं नव्हतं. बाहेर आल्यावर गाडीत बाबांना म्हटलं, काही सरळ सांगतच नाहीत हो हे लोक.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "बरोबर तं सांगून राहिला तो. अंदाज बगीच्याचा लागते बेटा. एका झाडाचा कोणी सांगत नाई."

आमच्याकडे व्यापारी उभा बगीचा घेतात. काटोल, कळमेश्वर, वरुड, मोर्शी, तिकडे बाबा चाळीस वर्षं फिरले. फळ झाडावर हिरवं असतानाच सौदा होतो, म्हणजे तोडायच्या कितीतरी आधी सांगावं लागतं की यातून माल किती निघेल. बाबा ओळीओळीनं चालायचे, मधेच एखाद्या झाडाखाली वाकून आत बघायचे, बाहेरून लदलेलं झाड आतून रिकामं असू शकतं म्हणे. एका फेरीवर कधी आकडा सांगायचे नाहीत. एकदा जायचे, पंधरा दिवसांनी पुन्हा, मधे पाऊस झाला तर तिसऱ्यांदा. किती गळालं ते बघायचं. फूल किती लागलं याला किंमत नाही, गळ होऊन थांबलं किती याला आहे. आणि इतकं करून त्यांचा आकडा बहुतेक जवळ यायचा, पण अमक्या ओळीतल्या चौथ्या झाडाला किती संत्री, हे विचारलं असतं तर हसले असते.

मला इतकं वाचून जे कळत नव्हतं ते या माणसाला लहानपणापासून हातात होतं, आणि मी त्यालाच समजावत बसले होते की बाबा, मार्कर म्हणजे काय, रक्तातले हे आकडे कसली खूण सांगतात.

मग मी त्यांना विचारायला लागले, उलटंच सुरू झालं. मी म्हटलं, हा जो आकडा आहे ना, तो हृदयावर ताण किती आहे ते सांगतो. ताण म्हटल्याबरोबर बाबा सरसावून बसले. संत्र्याला बहार धरायचा तर बगीचा आधी ताणावर सोडतात, पाणी तोडतात, पानं मलूल होतात, थोडी गळतात, आणि मग पाणी दिलं की फूल फुटतं. किती दिवस ताण द्यायचा ते जमिनीवर आहे, हलक्या जमिनीला कमी, काळ्या भारी जमिनीला जास्त. कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर फांद्या वाळतात, वाळलेल्या काडीला आमच्याकडे सल म्हणतात. "सल हिरवी होत नाई," बाबा म्हणाले, "ते काढूनच टाकावी लागते. पण मलूल पान अलग न सल अलग. दुरून दोन्ही सारखेच दिसते."

हे ऐकून मला चटका बसला, कारण हेच मी रात्री दोन वाजता इंग्रजीत वाचलं होतं. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ मध्ये लिहिलेलं, 'स्टन्ड' मायोकार्डियम, म्हणजे हबकून गेलेला स्नायू. रक्त थोडा वेळ तुटलं, पुन्हा आलं, पेशी जिवंत आहेत पण हलत नाहीत. ईकोवर मेलेला भाग आणि हबकलेला भाग दोन्ही गप्पच दिसतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या ईएफवर कोणी शिक्का मारत नाही. हबकलेला भाग काही दिवसांत, काही आठवड्यांत जागा होऊ शकतो. ईएफ पस्तीसच्या खालीच राहिला तर छातीत मशीन, ठोके बिघडले तर शॉक देणारं, बसवायचा विचार होतो, पण तोही लगेच नाही, स्टेंटनंतर तीन महिने औषधं देऊन, वाट बघून, मग. 'बघू' शब्दात एवढं सगळं होतं. तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, माहीत नाही.

सलीचं मात्र खरंच आहे. हृदयाच्या पेशी नव्यानं येतात का याचं उत्तर २००९ मध्ये स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या टीमनं शोधलं, आणि कशावरून, तर अणुबॉम्बच्या चाचण्यांवरून. पन्नास-साठच्या दशकात त्या चाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढलं, ते माणसांच्या डीएनएत गेलं, आणि कोणत्या पेशीत ते किती आहे यावरून ती कधी जन्मली ते काढता आलं. पंचविशीत वर्षाला एक टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही. म्हणजे येतात, पण हार्ट ॲटॅकमध्ये जे एका पहाटेत जातं त्याच्यापुढे काहीच नाही. गेलेल्या जागी वण राहतो. सुधारतं ते मलूल होतं तेच.

मार्चमध्ये तिसऱ्या महिन्यानंतरचा ईको झाला. ईएफ ४४. एनटी-प्रोबीएनपी ६१०. मशीन नको म्हणाले. मी पार्किंगमध्ये जाऊन रडले, यावेळेस वेगळं. नोट्समध्ये आकडे भरले आणि मग ट्रोपोनिनची पहिली ओळ बघितली, सहा हजार. तो आकडा खोटा नव्हता. जेवढं गेलं होतं तेवढं गेलंच होतं, आजही ईकोत हृदयाचं खालचं टोक हलत नाही, ते तसंच राहणार. मी चार महिने त्याच्याकडून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर मागत होते, एवढंच.

आता तरी वेड गेलं का? नाही. कमी झालंय. दर आठवड्याला टेस्ट करायचं खूळ डॉक्टरांनी काढलं, दोन-अडीच हजार रुपये वाचवा न त्यात फळं खाऊ घाला म्हणाले. रोजचं वजन जास्त कामाचं आहे, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा. त्याला वजनकाटा पुरतो. बाबांची तक्रार वेगळीच, "मले शुगर नाई, मंग हे शुगरची गोळी कायले?" डॅपाग्लिफ्लोझिन शुगर नसलेल्यांच्याही हृदयाला चालते हे चार वेळा सांगून झालं, ते पुन्हा पाचव्यांदा विचारतात, मला वाटतं मुद्दामच.

आणि पाणी. दिवसाला दीड लिटर. डिसेंबरात हे सोपं होतं, मेमध्ये नागपुरात दीड लिटर पाणी म्हणजे शिक्षाच आहे. पारा पंचेचाळीस, कूलर ओरडतोय, आणि हा माणूस बाटलीकडे बघत बसलेला. मागच्या आठवड्यात चक्कर आली, वजन दीड किलो उतरलेलं, फोन केला तर डॉक्टरांनी लघवीची गोळी अर्धी केली आणि पाणी दोन लिटर करा म्हणाले, उन्हाळाभर असंच जरा वरखाली करत राहावं लागेल. मी बाटलीवर मार्कर पेननं नवीन खूण करत होते, जुनी पुसून. बाबा खाटेवरून बघत होते.

"येवढे दिवस मले ताणावर सोडलं होतं काय तुम्ही लोकांनी?"

मी म्हटलं, हो.

"मंग बरोबर हाय," म्हणाले, आणि कूस वळवली. थोड्या वेळानं पाठमोऱ्यानंच विचारलं, "मृग कधी लागून राहिला?"

सात जूनच्या आसपास, मी म्हटलं. पुढची टेस्ट नऊला आहे. ते मी सांगितलं नाही, बाटली भरून उशाशी ठेवली.